सतारीशेजारी विजेची गिटार

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आज जॅझ संगीताबद्दल बोलायचं आहे आणि बोलणारा आहे पांढरकवड्याचा एक रेडिओ मेकॅनिक. तुम्हाला नवल वाटेल. मी संगीतातला जाणकार नाही. माझा जन्म गेला तो सोल्डर, व्हॉल्व्ह आणि जळालेल्या ट्रान्सफॉर्मरच्या वासात. पण एका रेकॉर्डने मला एक प्रश्न घातला आणि तो काही केल्या सुटेना. तीच हकीकत आज सांगणार आहे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी वडिलांच्या हाताखाली दुकानात काम शिकत होतो. मुंबईहून बदलून आलेले एक साहेब आपला रेकॉर्ड प्लेअर घेऊन आले. तबकडी फिरत होती, पण आवाज येत नव्हता. वडिलांनी पिकअपची तुटलेली बारीक तार जोडली आणि सोबत आलेलीच रेकॉर्ड लावून पाहिली. वेष्टनावर नाव होतं शंकर-जयकिशन. आम्हाला वाटलं, ‘बरसात’ किंवा ‘श्री ४२०’ची गाणी असतील. पण त्यात गाणं नव्हतं, शब्दही नव्हते. सतार होती, तबला होता, आणि त्यांच्या जोडीला ट्रम्पेट, सॅक्सोफोन, पियानो, ड्रम आणि गिटार.

वडील कान देऊन ऐकत राहिले आणि म्हणाले, “अरे, इतक्या मोठ्या पिपाणीपुढे ही तारेची टिणटिण ऐकू कशी येते?”

हाच तो प्रश्न.

त्या रेकॉर्डचं नाव ‘राग-जॅझ स्टाइल’. एचएमव्हीने ती १९६८ साली काढली. शंकर-जयकिशन ही जोडी तुम्हाला ठाऊकच आहे. शंकर लहानाचे मोठे झाले ते आपल्याच रस्त्यावरच्या हैदराबादला, जयकिशन गुजरातमधल्या वांसद्याचे. दोघे मुंबईला पृथ्वी थिएटरमध्ये एकत्र आले आणि १९४९च्या ‘बरसात’पासून घराघरांत पोचले. सिनेमासाठी त्यांनी शेकडो गाणी केली, पण ही रेकॉर्ड सिनेमाची नव्हती. तोडी, भैरव, मालकंस, कलावती, शिवरंजनी, भैरवी असे एकूण अकरा राग त्यांनी जॅझच्या वाद्यांवर बसवले. सतारीवर रईस खान, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ट्रम्पेटवर जॉन परेरा, बासरीवर सुमन राज, पियानोवर ल्युसिला, ड्रमवर लेस्ली गोदिन्हो, बासवर एडी ट्रॅव्हास, तबल्यावर रमाकांत. आणि दोन गिटारी, दोन्ही विजेच्या. एक दिलीप नाईकांची, दुसरी अनिबाल कॅस्ट्रोंची.

आता जॅझ म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात कृष्णवर्णीय वादकांनी वाढवलेलं हे संगीत. एक धून घ्यायची, ती सगळ्यांनी मिळून मांडायची आणि मग एकेकाने आपल्या मनाने तिचा विस्तार करायचा. आपला गवई बंदीश मांडून आलाप-ताना घेतो, त्याच्याशी याचं नातं जुळतं. फरक एवढाच, की आपल्याकडे विस्तार रागाच्या स्वरांत चालतो, तिकडे तो एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांच्या जुळण्यांवर, म्हणजे कॉर्ड्सवर चालतो.

हे संगीत मुंबईत आलं कसं? १९३५ साली लिऑन ॲबी या अमेरिकन वादकाचा संच ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. पुढे आपल्या गोव्याच्या वादकांनी ते उचललं. गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांमधून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. ती मुलं मुंबईच्या हॉटेलांत वाजवू लागली आणि तिथून सिनेमाच्या स्टुडिओत आली. आपले सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र चितळकर, यांच्या ‘अलबेला’त (१९५१) चिक चॉकलेट या गोमंतकीय ट्रम्पेटवादकाचा संच पडद्यावरही दिसतो. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची वाद्ययोजना सेबॅस्टियन डिसूझा हे गोव्याचेच गृहस्थ करत. म्हणजे ‘राग-जॅझ’ निघाली तेव्हा स्वरलिपी वाचणारे वादक आणि राग जाणणारे वादक अनेक वर्षं एकाच स्टुडिओत खांद्याला खांदा लावून बसत होते.

आता वडिलांच्या प्रश्नाकडे येतो. ट्रम्पेटमधून फुंकलेली हवा पितळेच्या कर्ण्यातून बाहेर पडते. तो आवाज मैदानभर जातो. साध्या गिटारीची तार बोटाने छेडली, की लाकडी पोकळीत घुमते तेवढाच तिचा आवाज. म्हणून जुन्या जॅझमध्ये गिटारवाल्याने मागे बसून नुसता ठेका धरायचा, अशी रीत होती. एकट्याने विस्तार करायला घेतला तर तो दुसऱ्या रांगेतही ऐकू जात नसे.

वीज इथे उपयोगी पडली. विजेच्या गिटारीत तारांखाली एक चुंबक असतं आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. वरची पोलादी तार थरथरली, की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांमध्ये अगदी क्षीण वीज निर्माण होते. ती ॲम्प्लिफायरमध्ये वाढवायची आणि स्पीकरला द्यायची. या भागालाही पिकअपच म्हणतात. त्या दिवशी वडिलांनी रेकॉर्ड प्लेअरच्या पिकअपची तार जोडली होती, आणि त्यांच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर गिटारीच्या पिकअपमध्येच होतं! अमेरिकेत चार्ली ख्रिश्चन या तरुणाने १९३९पासून बेनी गुडमन यांच्या संचात विजेची गिटार घेऊन विस्तार करायला सुरुवात केली आणि मागच्या रांगेतला गिटारवाला पुढे आला.

उरलेलं निम्मं उत्तर स्टुडिओत होतं. सतारीला कुठे वीज जोडलेली असते? पण हळू वाजणाऱ्या वाद्याजवळ माइक आणता येतो, मोठं वाजणारं दूर बसवता येतं. म्हणजे एक वीज वाद्यात शिरली होती, दुसरी वाद्यासमोर उभी होती. दोन्हींमुळे सतार, बासरी, गिटार आणि ट्रम्पेट एका पंगतीत बसू शकले. कोणी कोणाचं ताट ओढलं नाही.

या रेकॉर्डमधले दोषही सांगायला हवेत. अकरा राग एका तबकडीत घातल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला काही मिनिटंच येतात. मालकंस तासभर ऐकणाऱ्याला ही नुसती चव वाटेल. शिवाय सतारीवर तार ओढून मींड घेता येते, पियानोला ते जमत नाही. त्यामुळे राग अधूनमधून सरळ रेषेत चालल्यासारखा वाटतो. पण एकमेकांना जागा देऊन वाजवणं म्हणजे काय, ते या रेकॉर्डइतकं सोपं करून मला कोणी शिकवलं नाही.

ही रेकॉर्ड निघाली त्याच्या पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये जे घडलं, त्याने जॅझचा रस्ताच बदलला. माइल्स डेव्हिस हे तेव्हाचे नामांकित ट्रम्पेटवादक. १९६९च्या ऑगस्टमध्ये, १९ ते २१ तारखांना, त्यांनी कोलंबिया कंपनीच्या स्टुडिओत एक मोठा संच बसवला. साध्या पियानोऐवजी विजेचे पियानो, तेही कधी दोन, कधी तीन. जॉन मॅकलॉफलिन यांची विजेची गिटार. लाकडी बास होता, त्याच्या जोडीला विजेचा बासही होता. एकावेळी दोन-दोन ड्रमवाले. विजेची वाद्यं डेव्हिस यांनी आधीच्या काही रेकॉर्ड्समध्येही घेतली होती, पण इथे सगळा डोलाराच विजेवर उभा राहिला. १९७० साली ‘बिचेस ब्रू’ या नावाने दोन तबकड्यांचा संच बाजारात आला. जुने रसिक म्हणाले, हा जॅझच नव्हे. तरुणांनी मात्र तो उचलून धरला आणि लाखोंनी विकत घेतला.

मेकॅनिक म्हणून मला त्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. वादकांनी तीन दिवस जे वाजवलं, ते टेपवर होतं. टिओ मासेरो या निर्मात्याने ती टेप ठिकठिकाणी कापली, तुकडे मागेपुढे केले, काही पुन्हा जोडले. आपण रेकॉर्डवर सलग ऐकतो ते काही ठिकाणी तसं कधी वाजलंच नव्हतं. कात्री आणि चिकटपट्टी हीसुद्धा वाद्यं झाली. मुंबईच्या रेकॉर्डमध्ये वीज पाहुणी होती. न्यूयॉर्कच्या रेकॉर्डमध्ये ती घरची मालकीण झाली.

याचे पडसाद आपल्याकडेही उमटले. जयकिशन १९७१ साली गेले. सिनेमाच्या गाण्यात विजेची वाद्यं वाढत गेली आणि ऐंशी-नव्वदच्या दशकांत सिंथेसायझर आला. पन्नास व्हायोलिनांचा आवाज एका कळफलकातून निघू लागला, तेव्हा स्टुडिओबाहेर गाडीची वाट पाहत उभ्या राहणाऱ्या अनेक वादकांना बोलावणं येईनासं झालं.

मुंबईच्या त्या वादकांना मी कधी भेटलो नाही. पण इथल्या एकाला ओळखत होतो.

आमच्या भागातल्या एका बँड पार्टीत एक क्लॅरिनेटवाले होते. केळापूरच्या जगदंबेच्या यात्रेत असोत की लग्नाच्या वरातीत, त्यांची क्लॅरिनेट ऐकायला माणसं थांबायची. एका वर्षी बँडमालक माझ्याकडे आले आणि म्हणाले, हातगाडीवर ॲम्प्लिफायर आणि भोंगे बसवून दे. मी मोठ्या हौसेने बसवून दिले. पहिल्या वर्षी क्लॅरिनेटला माइक लागला आणि ते खूश झाले. दुसऱ्या वर्षी गाडीवर कीबोर्ड आला. तिसऱ्या वर्षी कीबोर्डचा आवाज इतका वाढला, की शेजारी उभं राहूनही क्लॅरिनेट ऐकू येईना. ते एकदा दुकानात येऊन बसले आणि हसत म्हणाले, “भाऊ, तुह्या पेटीनं साऱ्याइचा आवाज वाढवला, माहाच कमी केला.” पुढच्या सिझनला ते बँडमध्ये नव्हते. आता तर बँडच्या जागी डीजे आला. छातीत धडधडतं, पण वाजवणारा माणूस दिसत नाही.

ते वाक्य अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. माझ्या सोल्डरचा एक थेंब त्यात होता. मग मी विजेला दोष द्यावा का? मला तसं वाटत नाही. तीच वीज नसती, तर दिलीप नाईकांची गिटार ट्रम्पेटशेजारी ऐकू आलीच नसती. वीज हळू आवाजाला वर आणू शकते आणि त्याला बुडवूही शकते. काय करायचं, ते बटणावर ज्याचा हात आहे त्याचा कान ठरवतो. ‘राग-जॅझ’मध्ये तो कान जागा होता. आमच्या हातगाडीवर कोणी तो लावलाच नाही. मीही नाही.

या गोष्टीला एक पुढचा अध्याय आहे. डेव्हिस यांच्या त्या रेकॉर्डमध्ये विजेची गिटार वाजवणारे मॅकलॉफलिन पुढे भारतीय संगीताकडे ओढले गेले. त्यांनी मुंबईच्या माहीमला जन्मलेले झाकीर हुसेन, व्हायोलिनवादक एल. शंकर आणि घटमवादक विक्कू विनायकराम यांच्याबरोबर ‘शक्ती’ हा संच काढला. १९७६ साली त्यांची पहिली रेकॉर्ड आली. त्यात मॅकलॉफलिन यांच्या हातात साधी, बिनविजेची गिटार होती. समोर तबला, घटम आणि व्हायोलिन असताना ओरडून बोलायची गरज त्यांना वाटली नसावी. याच ‘शक्ती’ला २०२४च्या फेब्रुवारीत ग्रॅमी पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये झाकीरभाई गेले.

‘राग-जॅझ स्टाइल’ आता मोबाइलवरही सापडते. एखाद्या रात्री गाव निजल्यावर ती लावा. आवाज फार वाढवू नका. त्यातली भैरवी ऐका आणि सगळ्यात हळू वाजणारं वाद्य कोणतं, ते शोधा. ते सापडलं, की बाकीचे वादक त्याच्यासाठी किती जपून वाजवत आहेत, तेही तुमच्या लक्षात येईल. आणि घरात पुढचं लग्न निघालं, की वरातीसाठी कोणाला बोलवायचं याचा विचार करताना एखादा क्लॅरिनेटवाला अजून गावात आहे का, एवढं विचारून पाहा.