गिऱ्हाइकाशीं बोलणें : समाजमाध्यमांवरून आंबा विकणाऱ्यांस दोन शब्द

आपला माल दलालाच्या हातीं न देतां थेट खाणाऱ्याच्या घरीं पोंचवावा, ही इच्छा प्रत्येक बागाइतदाराची असते. व्हॉट्सॲप व फेसबुक यांमुळें ती आतां पुष्कळांच्या आटोक्यांत आली आहे. परंतु आमचे बहुतेक बंधु या साधनांचा उपयोग दवंडीसारखा करितात. "अस्सल हापूस, पेटी तयार" असें शंभर जणांस कळवितात व स्वस्थ बसतात. दवंडी पिटणारा पुढें निघून जातो. गिऱ्हाइकास मात्र कांहीं विचारावयाचें असतें. तें त्यानें कोणास विचारावें?

आमच्या पुतण्याची रत्नागिरीकडे हापुसाची बाग आहे. दोन हंगामांपूर्वीं पुण्याच्या एका गृहस्थांनीं त्याच्या फेसबुकाच्या पानावर लिहिलें कीं, दोन डझनांपैकीं पांच फळांत साका निघाला. पुतण्यास राग आला व त्यानें तो मजकूर पुसून टाकिला. त्या गृहस्थांनीं तोच मजकूर, पुसल्याच्या तक्रारीसह, स्वतःच्या पानावर लिहिला. आणि आठवड्याभरांत अकरा पेट्यांच्या मागण्या रद्द झाल्या. आम्हीं महसूल खात्यांत तीस वर्षें कारकुनी केली. अर्ज फाडल्यानें तक्रार मिटत नाहीं, हें आम्हांस तेथें पुरतें समजलें होतें. आम्हीं पुतण्याकडून तेथेंच उत्तर लिहविलें : साका फळ कापल्यावांचून ओळखतां येत नाहीं, तरी माल आमचा, म्हणून जबाबदारीही आमची, पांच फळांऐवजीं एक डझन पाठवीत आहों, आणि मजकूर पुसला ही आमची चूक झाली. ते गृहस्थ पुन्हां गिऱ्हाईक झाले नाहींत. परंतु तें उत्तर वाचून, रद्द करणाऱ्यांपैकीं चौघांनीं पुन्हां मागणी नोंदविली. उघड्यावर दिलेलें उत्तर तक्रारदार एकटाच वाचीत नाहीं. भोंवतालचे दहाजण वाचतात. यावरून आम्हांस जे नियम सुचले, ते पुढें देत आहों.

पहिला नियम नोंदीचा. व्हॉट्सॲपनें व्यापाऱ्यांकरितां निराळें 'बिझनेस' ॲप २०१८ सालीं काढिलें. त्यांत आपला पत्ता, कामाची वेळ व मालाची चित्रांसह यादी ठेवितां येते. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नांवावर 'नवी मागणी', 'पैसे यावयाचे' अशी खूण करितां येते. ही आपली बारनिशीच होय. रात्रीं आलेल्या प्रश्नास "सकाळीं उत्तर देऊं" असें आपोआप कळविण्याचीही सोय आहे. मात्र ती नुसती पोंच झाली. सकाळीं उत्तर गेलेंच पाहिजे.

दुसरा नियम, विचारलें त्याचेंच उत्तर द्यावें. परप्रांतींचा आंबा हापूस म्हणून विकला जात असल्यामुळें "खरा कशावरून?" हा प्रश्न नेहमीं येतो. यावर रागावूं नये. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांच्या हापुसास २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें आहे. आपण त्याखालीं नोंदणी केली असल्यास तें सांगावें, आणि तोडणीचें व अढीचें चित्र पाठवावें. मग आपणही विचारावें : फळ आजच खावयाचें कीं चार दिवसांनीं? त्या बेतानें पेटी भरली म्हणजे निम्म्या तक्रारी उत्पन्नच होत नाहींत.

तिसरा नियम, कोणास भंडावूं नये. रोज सकाळीं सुप्रभाताचीं चित्रें पाठविणाऱ्याचा क्रमांक लोक बंद करून टाकितात, आणि मग कामाचा निरोपही पोंचत नाहीं. विचारल्यावांचून कोणास गटांत घालूं नये; तेथें एकाचा क्रमांक अनोळखी माणसांसही दिसतो.

चौथा नियम तक्रारीचा. तक्रार उघड्यावर आली तर पहिलें उत्तर उघड्यावरच, थोडक्यांत व नम्रपणें द्यावें. पत्ता व पैशांचा हिशेब मात्र खाजगी निरोपांतच करावा.

पांचवा नियम, हंगाम सरला म्हणून बोलणें सोडूं नये. फळ कसें निघालें, हें शेवटच्या पेटीनंतर एकदां विचारावें. पौषांत मोहोराचें चित्र पाठवावें. अवकाळी पावसानें मोहोर गळला तर तेंही कळवावें. ज्यानें गळलेला मोहोर पाहिला आहे, तो पुढें वाढलेल्या दराबद्दल भांडत नाहीं.

तोडणीच्या घाईंत एवढें बोलावयास सवड कोणास, असें कोणी म्हणेल. आमच्या मतें दुपारचा एक तास व दिवेलागणीनंतरचा एक तास पुरे होतो. आणि घरांतील लिहितीवाचती सून वा मुलगी हें काम पुष्कळदां आपल्यापेक्षां चांगलें करिते. पुतण्याच्या घरीं तें आतां सूनच पाहते. दलालाच्या अडतींतून वांचलेला पैसा हा या दोन तासांचा मोबदला आहे. तो हवा असेल, तर पूर्वीं दलाल गिऱ्हाइकाशीं जें बोलत असे, तें आतां आपणांस बोलावें लागेल.