माळ्यावरचा कॉम्प्युटर (भाग ६) : बोर्डाचं वय, बोर्डाचं मोल

गेल्या आठवड्यात माळ्यावरची पेटी उघडून झाली. आज तिच्यातला मदरबोर्ड. आपल्या रत्नागिरीत त्याचं मोल कंपनीच्या नावापेक्षा खारी हवाच जास्त ठरवते.

आधी वय. बहुतेक चिपांवर चार आकडे सापडतात. ‘८७३४’ म्हणजे १९८७ सालचा ३४वा आठवडा. एकाच चिपेवर विसंबू नका, दहा-बारा वाचा. बोर्डावर थेट डाख दिलेल्या चिपांतली सगळ्यांत अलीकडची तारीख धरा. त्याआधी बोर्ड तयार होणं शक्यच नाही. सॉकेटमधली चिप मागाहून बदललेली असू शकते. मग स्लॉट बघा. सगळे आखूड, आठ-बिटी असतील तर बोर्ड पीसी-एक्सटीच्या घराण्यातला. त्यांना पुढे जोड असेल तर १९८४च्या एटीनंतरचा. पांढरे पीसीआय स्लॉट दिसले की नव्वदचं दशक आलं.

मोलाचे बाजार दोन. भंगारवाला किलोवर घेतो, संग्राहक नगावर. भंगारवाल्याची नजर सोन्यावर असते, पण कार्डाच्या कडेचा मुलामा बहुधा मायक्रॉनभरही जाड नसतो. तो ॲसिडनं काढायचे व्हिडिओ बघून परसात प्रयोग करू नका. धूर छातीत जातो आणि उरलेलं पाणी विहिरीत. संग्राहकाचं गणित वेगळं. १९८४-८५मध्ये केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पात निवडक शाळांना बीबीसी मायक्रो मिळाले होते. ६५०२ प्रोसेसर, ३२ किलोबाइट मेमरी. असा बोर्ड अखंड मिळाला तर तो तराजूत टाकणं म्हणजे शुद्ध करंटेपणा.

अखंड म्हणजे काय, ते बॅटरीपाशी कळतं. ३८६-४८६च्या बोर्डांवर पिंपाच्या आकाराची छोटी निकेल-कॅडमियम बॅटरी असते. ती गळते आणि तिच्यातला अल्कली तांब्याच्या बारीक रेषा खातो. न घासलेल्या ताम्हनावर चढतं तसलं हिरवं किटण तिच्याभोवती दिसलं, की भाव तिथेच घसरला. बॅटरी आधी कापून काढा. किटणावर पातळ केलेलं पांढरं व्हिनेगर लावा, मग डिस्टिल्ड वॉटर, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल. घरात आहे म्हणून कोकमाचं आगळ वापरू नका. आंबट असलं तरी त्यात मीठ असतं, आणि मीठ तर इथल्या वाऱ्यानं आधीच भरपूर दिलंय.

धुतलेला बोर्ड आंबोशीसारखा उन्हात वाळत घालायचा मोहही आवरा. काही चिपांना काचेची खिडकी असते. तीवरचं स्टिकर निघालं तर कडक ऊन आतला प्रोग्रॅम हळूहळू पुसून टाकतं. शिवाय त्या स्टिकरवरच बहुधा आवृत्तीचा क्रमांक असतो, तेव्हा साफसफाईच्या भरात ते खरवडू नका. बोर्ड सावलीत, पंख्याखाली सुकवा. अँटिस्टॅटिक पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि मृगाआधी पुड्या बदला.

पुढच्या आठवड्यात : फ्लॉपी आणि बुरशी.