मैदानावरील न्यायदान : बेसबॉलचे पंच आणि प्रशिक्षकांचे आक्षेप

संत पौलाने तिमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (२:५) ख्रिस्ती जीवनाला खेळाडूची उपमा दिली आहे. नियम मोडून मिळवलेल्या विजयाला बक्षीस नसते, असा त्या वचनाचा आशय आहे. परंतु नियम पाळले गेले की नाही, हे सांगणारा कोणीतरी मैदानावर असावा लागतो. तो म्हणजे पंच. खेळाडूंचा सत्कार होतो, प्रशिक्षकांचे अभिनंदन होते, मात्र पंचाची आठवण बहुधा वाद झाल्यावरच काढली जाते. त्याचे काम नेमके कसे चालते, त्याच्या निर्णयावर आक्षेप कधी घेता येतो आणि तो कसा घ्यावा, याची माहिती करून घेणे पालक, शिक्षक व युवक-युवती या सर्वांनाच उपयुक्त ठरेल.

या लेखासाठी बेसबॉल हा खेळ निवडला आहे. भारतात अमॅच्युअर बेसबॉल फेडरेशनची स्थापना १९८३ साली झाली. आज महाराष्ट्रातील शालेय क्रीडा स्पर्धांत बेसबॉल आणि त्याचे भावंड असलेला सॉफ्टबॉल हे दोन्ही खेळ खेळले जातात. तरीही गावोगावी मुलांना परिचय असतो तो क्रिकेट, कबड्डी आणि खो-खोचा. अजिंठ्याच्या पायथ्याशी, सोयगाव तालुक्यात वसलेल्या फर्दापूरसारख्या गावातून एखादा शालेय संघ छत्रपती संभाजीनगर येथे जिल्हास्तरीय स्पर्धेला निघाला, तर त्याला जाताना सुमारे १०० किलोमीटरचा प्रवास करावा लागतो. स्पर्धा बहुधा बाद पद्धतीची असते. म्हणजे एका दुपारी एक सामना हरला की परतीची वाट धरायची. पुढच्या पातळीवर पोहोचणाऱ्या खेळाडूंच्या दृष्टीने क्रीडा सवलतीचे गुण आणि शासकीय सेवेतील खेळाडूंसाठीचे ५ टक्के आरक्षण यांचाही प्रश्न असतो. अशा वेळी पंचाचा एक शब्द मुलांना किती जड वाटत असेल, याची कल्पना करता येते. शिवाय हौशी स्पर्धांतील पंच हा पुष्कळदा दुसऱ्या एखाद्या शाळेचा क्रीडाशिक्षकच असतो. त्यामुळे त्याच्या निःपक्षपातीपणावर शंका घेणे सोपे जाते.

खेळाची तोंडओळख

बेसबॉलमध्ये प्रत्येक संघात ९ खेळाडू असतात. मैदानावर चौकोनी हिऱ्याच्या आकारात चार ठिकाणे असतात : होम प्लेट, पहिला, दुसरा आणि तिसरा बेस. दोन बेसमधील अंतर ९० फूट असते. सॉफ्टबॉलमध्ये ते ६० फूट असते. पिचरने टाकलेला चेंडू टोलवून फलंदाज धावतो आणि क्रमाने सर्व बेसना स्पर्श करून होम प्लेटला परतला की एक धाव होते. तीन स्ट्राईक झाले की फलंदाज बाद होतो. पिचरने चार चेंडू कक्षेबाहेर टाकले आणि फलंदाजाने ते सोडून दिले, तर त्याला पहिला बेस बहाल होतो. तीन खेळाडू बाद झाले की संघाची पाळी संपते. कॅचरच्या मागे उभा असतो तो मुख्य पंच. बेसजवळचे निर्णय बेस पंच देतात. लहान स्पर्धांत बहुतेक वेळा दोनच पंच असतात आणि त्यांनाच सर्व मैदान सांभाळावे लागते.

निर्णयांचे दोन प्रकार

पंचाचे सर्व निर्णय एकाच जातीचे नसतात. ही एक गोष्ट पंचाला आणि प्रशिक्षकाला नीट उमगली, तर अर्धेअधिक वाद उद्भवतच नाहीत.

पहिला प्रकार नजरेच्या निर्णयांचा. चेंडू स्ट्राईक होता की बॉल, तो रेषेच्या आत पडला की बाहेर, रनर बेसवर आधी पोहोचला की चेंडू, या प्रश्नांची उत्तरे पंच डोळ्यांनी पाहून देतो. बेसबॉलच्या नियमांनुसार असे निर्णय अंतिम असतात. त्यावर खेळाडू, प्रशिक्षक किंवा व्यवस्थापक यांना आक्षेप घेता येत नाही. बॉल-स्ट्राईकवर हुज्जत घालण्यासाठी जागा सोडून पुढे येणाऱ्याला प्रथम ताकीद मिळते आणि तरीही तो होम प्लेटकडे आला, तर त्याला मैदानाबाहेर काढले जाते.

दुसरा प्रकार नियमाच्या निर्णयांचा. जे घडले ते पंचाने बरोबर पाहिले, पण त्याला लागू केलेला नियम चुकीचा होता, असे होऊ शकते. अशा वेळी व्यवस्थापकाला किंवा प्रशिक्षकाला दाद मागण्याचा अधिकार आहे. दाद मागितल्यावर निर्णय देणारा पंच आपल्या सहकारी पंचाला माहिती विचारू शकतो. परंतु त्याने विचारल्याशिवाय दुसऱ्या पंचाने त्याच्या निर्णयात ढवळाढवळ करायची नाही, असा स्पष्ट दंडक आहे.

यावरून पंचाच्या अंगी असावे लागणारे दोन गुण दिसून येतात. आपण जे पाहिले त्याबाबत त्याने ठाम राहावे. नियमाबाबत मात्र त्याने ऐकून घेण्याची तयारी ठेवावी. हे गुण उलटेपालटे झाले की अनर्थ होतो. आरडाओरडीला घाबरून पाहिलेले सत्य बदलणारा पंच दुबळा ठरतो आणि नियमपुस्तक उघडण्यास नकार देणारा पंच हटवादी ठरतो.

वारंवार वाद होणारे प्रसंग

१. इनफिल्ड फ्लाय : क्रिकेटच्या सवयीने पाहणाऱ्याला हा नियम हमखास गोंधळात टाकतो. पहिल्या व दुसऱ्या बेसवर, किंवा तिन्ही बेसवर रनर आहेत आणि दोनपेक्षा कमी खेळाडू बाद झाले आहेत. फलंदाजाने मैदानाच्या आतील भागात उंच चेंडू उडवला आणि तो आतील क्षेत्ररक्षकाला सहज झेलता येण्यासारखा आहे. अशा वेळी पंच हवेत हात उंचावून ‘इनफिल्ड फ्लाय’ असे पुकारतो आणि झेल सुटला तरी फलंदाज बाद होतो. प्रशिक्षक ओरडतात, “चेंडू खाली पडला, मग बाद कसा?” यामागील कारण न्यायाचे आहे. हा नियम नसता, तर क्षेत्ररक्षकाने मुद्दाम झेल सोडून बेसवर अडकलेल्या दोन रनरना फसवून बाद केले असते. येथे झेल सहज होता की नाही हा नजरेचा प्रश्न आहे. पण केवळ पहिल्या बेसवर रनर असताना पंचाने हा नियम लावला, तर ती नियमाची चूक होय आणि तेथे प्रशिक्षकाने जरूर दाद मागावी.

२. तिसरा स्ट्राईक आणि निसटलेला चेंडू : तिसऱ्या स्ट्राईकचा चेंडू कॅचरला नीट झेलता आला नाही आणि पहिला बेस रिकामा असला, किंवा दोन खेळाडू आधीच बाद झालेले असले, तर फलंदाजाला पहिल्या बेसकडे धावण्याची मुभा असते. पुष्कळ लहान खेळाडू हे ठाऊक नसल्याने खाली मान घालून परततात. समोरचा फलंदाज धावला की त्यांचे प्रशिक्षक चिडतात.

३. फलंदाजीचा क्रम चुकणे : चुकीचा फलंदाज खेळायला आला हे पंचाच्या ध्यानात आले, तरी त्याने गप्प राहायचे असते. प्रतिस्पर्धी संघाने पुढचा चेंडू टाकला जाण्यापूर्वी दाद मागितली, तरच कारवाई होते. क्रिकेटमध्येही अपील केल्याखेरीज पंच फलंदाजाला बाद देत नाही, हे आपल्या परिचयाचे आहे. दाद मागितली गेल्यास बाद ठरतो तो ज्याची पाळी होती तो खेळाडू. चुकून आलेला नव्हे. येथे पंचांचीही गफलत होण्याचा संभव असतो.

४. मैदानाचे स्थानिक नियम : शाळेच्या मैदानावर कडुनिंबाचे झाड असते, कुंपणाची तार असते, एखादी नाली असते. चेंडू झाडात अडकला तर काय, याचे उत्तर सामना सुरू होण्यापूर्वीच ठरवावे लागते. यजमान संघाने स्थानिक नियम सुचवावेत आणि पाहुण्या संघाने ते मान्य करावेत, ही रीत आहे. एकमत न झाल्यास पंच ठरवील ते नियम लागू होतात. होम प्लेटजवळ खर्च केलेली ही पाच मिनिटे नंतरचा अर्धा तास वाचवतात.

प्रशिक्षक समोर आल्यावर

आक्षेप आला की पंचाने प्रथम खेळ थांबवावा. एका वेळी एकाच व्यक्तीशी बोलावे आणि खेळाडूंना दूर पाठवावे. प्रशिक्षकाला वाक्य पूर्ण करू द्यावे. ऐकण्यास तत्पर आणि बोलण्यास सावकाश असावे, हा संत याकोबाच्या पत्रातील (१:१९) उपदेश येथे तंतोतंत लागू पडतो. त्यानंतर शांतपणे विचारावे, “सर, आपला आक्षेप मी पाहिलेल्या गोष्टीवर आहे की नियमावर?” या एका प्रश्नाने पुष्कळ वेळा आवाज खाली येतो. आक्षेप नजरेच्या निर्णयावर असेल, तर आपण काय पाहिले ते एका वाक्यात सांगून चर्चा संपवावी. तो नियमावर असेल, तर सहकारी पंचाशी दोघांनीच बाजूला जाऊन विचारविनिमय करावा आणि गरज पडल्यास पुस्तक उघडावे. चुकीच्या नियमाने सामना पुन्हा खेळवावा लागण्यापेक्षा दहा मिनिटे खोळंबा झालेला बरा, असा सल्ला बेसबॉलच्या नियमपुस्तकातच पंचांना दिलेला आहे. अंतिम निर्णय मात्र दोन्ही संघांच्या प्रशिक्षकांना बोलावून सांगावा. एकालाच सांगितल्यास दुसऱ्याच्या मनात संशय उरतो.

एक मोह मात्र टाळलाच पाहिजे. आपला एखादा निर्णय चुकला असे वाटल्यावर पुढचा निर्णय त्याच संघाच्या बाजूने देऊन भरपाई करण्याचा तो मोह आहे. त्याने पहिली चूक पुसली जात नाही, उलट दुसऱ्या संघावर जाणूनबुजून अन्याय होतो. गरिबाची कीव करून किंवा थोरामोठ्यांची भीड धरून न्याय देऊ नये, अशी लेवीय ग्रंथातील (१९:१५) आज्ञा आहे. दुरून आलेल्या लहान गावाच्या संघाची दया येणे हे मानवी आहे. परंतु ती दया सामना संपल्यावर कौतुकाच्या शब्दांतून व्यक्त करावी, निर्णयातून नव्हे.

दोन गाजलेले प्रसंग

अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलमधील दोन घटना वरील दोन प्रकारांची उत्तम उदाहरणे आहेत.

२४ जुलै १९८३ रोजी न्यूयॉर्क येथे कॅन्सस सिटी रॉयल्सच्या जॉर्ज ब्रेट याने शेवटच्या डावात चेंडू मैदानाबाहेर टोलवून आपल्या संघाला ५-४ अशी आघाडी मिळवून दिली. यांकीज संघाचे व्यवस्थापक बिली मार्टिन यांनी पंचांकडे हरकत घेतली. पकड घट्ट व्हावी म्हणून बॅटला लावलेले चिकट डांबर १८ इंचांच्या मर्यादेपलीकडे गेले आहे, असे त्यांचे म्हणणे होते. मुख्य पंच टिम मॅक्लेलंड यांनी १७ इंच रुंदीच्या होम प्लेटवर बॅट ठेवून मोजमाप केले आणि ब्रेटला बाद दिले. मोजमाप बरोबर होते. पण त्या नियमाचा हेतू फलंदाजाला बाद करण्याचा नव्हता, असा निर्णय अमेरिकन लीगचे अध्यक्ष ली मॅकफेल यांनी रॉयल्सच्या तक्रारीवरून दिला. १८ ऑगस्ट रोजी सामना त्याच टप्प्यापासून पुढे खेळवण्यात आला आणि रॉयल्सने तो जिंकला.

दुसरी घटना २ जून २०१० रोजी डेट्रॉईट येथे घडली. पिचर अर्मांडो गॅलरागा याने एकाही फलंदाजाला बेसवर पोहोचू न देता २६ जणांना बाद केले होते. २७ वा बाद झाला असता, तर तो अत्यंत दुर्मीळ असा परिपूर्ण सामना ठरला असता. पंच जिम जॉयस यांनी शेवटच्या रनरला सुरक्षित ठरवले. सामना संपल्यावर चित्रफीत पाहून आपली चूक त्यांना कळली. त्यांनी ती उघडपणे कबूल केली आणि गॅलरागाची क्षमा मागितली. गॅलरागाने ती मनापासून दिली. दुसऱ्या दिवशी खेळाडूंची यादी पंचांकडे देण्यासाठी तोच पुढे आला, तेव्हा जॉयस यांना अश्रू आवरले नाहीत. निर्णय नजरेचा असल्याने तो बदलला गेला नाही. नोंदीत तो सामना आजही अपूर्णच आहे. परंतु चूक मान्य करणारा पंच आणि क्षमा करणारा खेळाडू हे दोघेही लोकांच्या कायमचे स्मरणात राहिले.

आपली जबाबदारी

ख्रिस्तसभेने खेळाकडे नेहमीच आस्थेने पाहिले आहे. महाज्युबिली वर्षात, २९ ऑक्टोबर २००० रोजी, पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोमच्या ऑलिम्पिक स्टेडियममध्ये क्रीडापटूंसमवेत पवित्र मिस्सा अर्पण केली. १ जून २०१८ रोजी व्हॅटिकनने क्रीडेविषयी एक स्वतंत्र दस्तऐवज प्रसिद्ध केला. ८ मे २०२५ रोजी निवडून आलेले पोप लिओ चौदावे हे तर शिकागोचे सुपुत्र असून तेथील व्हाइट सॉक्स या बेसबॉल संघाचे चाहते आहेत.

आपल्या धर्मग्रामांत सणानिमित्त, युवादिनानिमित्त सामने भरतात. तेथे खेळ कोणताही असो, पंच आपल्यातलाच कोणीतरी असतो. भावाचा अपराध प्रथम त्याला एकांतात दाखवावा, ही प्रभू येशूची शिकवण (मत्तय १८:१५) प्रशिक्षकांनी व पालकांनी मैदानाबाहेर ठेवून आत येऊ नये. आक्षेप असेल तर तो एकाने, जवळ जाऊन, नियमाचा आधार देऊन मांडावा. ग्रामीण भागात बेसबॉलचे नियम जाणणारी एखादीच व्यक्ती असते. तिला अपमानित करून घरी पाठवले, तर पुढच्या वर्षी सामना घ्यायला कोणी उरत नाही आणि त्याचे नुकसान आपल्याच मुलांना सोसावे लागते.

मुले धावफलक लवकर विसरतात. आपल्या सरांनी व वडिलांनी पंचाशी कोणत्या भाषेत बोलणे केले, हे मात्र ती विसरत नाहीत. न्याय देणाऱ्याला सत्य सांगण्याचे धैर्य लाभो आणि न्याय मागणाऱ्याला संयम लाभो, हीच प्रभुचरणी प्रार्थना.