घरात विचारायचं कुणाला?

मैत्रिणींनो, 2015 साली शेतकरी आत्महत्या थांबाव्यात म्हणून ‘प्रेरणा प्रकल्प’ आला, त्यात आपला जिल्हाही होता. आशाताई घरोघर जाऊन मनाची विचारपूस करू लागल्या. अशाच एका फेरीत कळंबकडच्या वस्तीवर मीही सोबत होते. "आमच्यात समदं बरं हाय," सासूबाईंनी दारातूनच सांगितलं. सून आत भाकरी थापत होती. तिला विचारणार कोण?

यावर तोड आहे बरं का! लेस्ली किश यांनी 1949 मध्ये एक तक्ता मांडला. घर चिठ्ठीसारखं निवडायचं, घरातल्या मोठ्या माणसांची यादी करायची अन् तक्ता ज्याचं नाव काढेल त्यालाच विचारायचं, मग ती सून का असेना. देशोदेशीच्या पाहण्यांत ही रीत वापरतात. बंगळुरूच्या निम्हान्सने 2015-16 मध्ये 12 राज्यांत पाहणी केली, त्यात आपला महाराष्ट्रच नव्हता!

आणि कुलूपबंद घरं? ऊसतोडीला गेलेली जोडपी उन्हाळ्यातच परततात. बंद घर सोडून शेजारचं घेतलं, तर त्यांचं दुःख मोजलंच जात नाही.

आम्ही निघालो, तशी ती सून मागल्या दारानं आली. हळूच म्हणाली, "ताई, मला झोपच लागत न्हाई."