चक्ररक्षक

महाभारताचीं युद्धपर्वें ज्यांनीं लक्षपूर्वक वाचलीं असतील त्यांस युधामन्यु आणि उत्तमौजा हीं नांवें आठवतील. इतरांस तीं ठाऊक नसल्यास त्यांत नवल नाहीं. हे दोघे पांचाल वीर अर्जुनाचे चक्ररक्षक होते. एकानें रथाचें डावें चाक सांभाळावयाचें, दुसऱ्यानें उजवें. अर्जुनाची दृष्टि समोर, कौरवसेनेवर. ती तिकडे निश्चिंतपणें राहावी म्हणून ह्या दोघांची दृष्टि सदैव बाजूस. गांडीवाचा टणत्कार वर्णिण्यांत व्यासांनीं हात आंखडला नाहीं. चक्ररक्षकांच्या वांट्यास मात्र श्लोक थोडेच आले. ह्याच जातीच्या एका योद्ध्याची, परंतु रणांगणावरील नव्हे तर खेळाच्या मैदानावरील योद्ध्याची, हकीकत आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों. त्याचें नांव रे विल्सन. १९६६ सालीं फुटबॉलचा जागतिक चषक जिंकणाऱ्या इंग्लंडच्या संघांत तो डाव्या बाजूचा फुलबॅक होता.

आमच्या घरांतून क्रिकेटची चर्चा जेवणाच्या पंगतींतहि चालते. फुटबॉलचें वेड कोल्हापुरासारख्या एखाद्या शहरांतच पेठापेठांतून मुरलेलें दिसतें. तेव्हां फुलबॅक म्हणजे कोण, हें प्रथम सांगितलें पाहिजे. जुन्या पद्धतींत गोलकीपरच्या पुढें दोनच बॅक उभे असत. १९२५ सालीं ऑफसाइडचा नियम बदलला, चढाई करणाऱ्यांस अधिक मोकळीक मिळाली, आणि मधली वाट रोखण्यासाठीं आणखी एक गडी मागें ओढावा लागला. त्यामुळें ते दोघे बॅक उजव्या व डाव्या कडेला सरकले. मैदानाच्या कडेकडेनें वाऱ्यासारखा येऊन चेंडू गोलासमोर टाकणारा जो प्रतिपक्षाचा विंगर, त्याला अडविणें हें तेव्हांपासून त्यांचें मुख्य काम. ह्या कामांत कीर्ति नाहीं. विंगरला दहा वेळां अडविलें तर प्रेक्षक त्याची नोंद घेत नाहींत. अकराव्या वेळीं तो निसटला कीं साऱ्या मैदानाचें बोट बॅककडे वळतें. फॉरवर्डची गोष्ट उलटी. त्यानें दहा वेळां चेंडू बाहेर मारून अकराव्यानें गोल केला तरी लोक त्याला खांद्यावर घेतात.

विल्सनचा जन्म १७ डिसेंबर १९३४ रोजीं डर्बीशायर परगण्यांतील शायरब्रुक ह्या कोळशाच्या खाणींच्या गांवीं झाला. त्याचें पाळण्यांतलें नांव रॅमन. रॅमन नोव्हारो नांवाचा त्या काळचा एक चित्रपटनट त्याच्या आईच्या आवडीचा, म्हणून हें नांव. (नटनट्यांचीं नांवें मुलांना ठेवण्याचा रोग केवळ आमच्याकडचाच आहे असें समजणाऱ्या वडीलधाऱ्यांनीं हें ध्यानीं घ्यावें.) शाळा सुटल्यावर हा मुलगा रेल्वेंत उमेदवारीस लागला. १९५२ सालीं यॉर्कशायरमधील हडर्सफील्ड टाउन ह्या क्लबानें त्याला घेतलें. त्या काळीं इंग्लंडांत तरुणांस दोन वर्षें सक्तीची लष्करी नोकरी असे. तींत त्याला इजिप्तमध्यें राहावें लागलें. परत आल्यावर १९५५ सालीं तो पहिला मोठा सामना खेळला. आरंभीं तो हाफच्या जागीं खेळत असे. पुढें त्याला मागें, डाव्या बॅकच्या जागीं, आणण्यांत आलें, आणि तेथेंच त्याचें भाग्य उघडलें. अंगानें तो फार उंच किंवा भरदार नव्हता. पण पायांत विलक्षण वेग होता आणि पायांतला चेंडू नेमक्या क्षणीं काढून घेण्याची हातोटी होती.

हडर्सफील्डला एके काळीं मोठें वैभव होतें. १९२४, १९२५ व १९२६ अशीं लागोपाठ तीन वर्षें तो क्लब इंग्लंडचा विजेता ठरला होता. विल्सनच्या वेळेस मात्र तें सारें गत झालें होतें. १९५६ सालीं क्लब दुसऱ्या वर्गांत घसरला व विल्सन तेथें असेपर्यंत तेथेंच राहिला. बिल शँक्ली, ज्यानें पुढें लिव्हरपूलचें नांव गाजविलें, तो तेव्हां हडर्सफील्डचा मॅनेजर होता. पैशाच्या दृष्टीनें पाहतां, धंदेवाईक खेळाडूच्या पगाराला इंग्लंडांत कायद्यासारखी कमाल मर्यादा होती. १९६१ च्या जानेवारींत ती उठली तेव्हां ती आठवड्यास २० पौंड होती. हजारों लोक तिकिटें काढून ज्यांचा खेळ पाहात त्यांस एवढेंच वेतन! आजच्या खेळाडूंच्या कमाईचे आंकडे वाचतांना हा मागचा आंकडाहि जवळ असूं द्यावा.

दुसऱ्या वर्गाच्या क्लबांतील खेळाडू राष्ट्रीय संघांत सहसा निवडला जात नाहीं. विल्सन १९६० च्या एप्रिलमध्यें स्कॉटलंडविरुद्ध इंग्लंडकडून प्रथम खेळला आणि हडर्सफील्डमध्यें असतांनाच त्याचे असे तीस सामने झाले. १९६२ सालीं चिली देशांत जागतिक चषकाचे सामने झाले, त्यांत इंग्लंडची गांठ ब्राझीलशीं पडली. विल्सनच्या बाजूस आला तो ब्राझीलचा उजवा विंगर गॅरिंचा. ह्या गॅरिंचाचे पाय जन्मतःच वांकडे, आणि त्या वांकड्या पायांनीं त्यानें जगांतील उत्तमोत्तम बॅकांस नाचविलें. त्या दिवशीं इंग्लंड तीन गोलांस एक असें हरलें व ब्राझीलच्या तिहींपैकीं दोन गोल गॅरिंचाचे होते. पैकीं एक त्यानें डोक्यानें केला व दुसरा दुरून मारला. सामना चालू असतां एक कुत्रें मैदानांत शिरलें. इंग्लंडच्या जिमी ग्रीव्हजनें गुडघ्यांवर रांगून तें पकडलें. इंग्लंडच्या गड्यांच्या हातीं त्या दिवशीं तेवढेंच लागलें, असें कोणी म्हटल्यास राग मानूं नये.

१९६४ सालीं विल्सन एव्हर्टन ह्या पहिल्या वर्गाच्या क्लबांत गेला. १४ मे १९६६ रोजीं एव्हर्टननें एफ्. ए. कपाचा अंतिम सामना जिंकला; शेफील्ड वेन्सडेनें दोन गोल केल्यावर उलट तीन गोल करून जिंकला. त्यानंतर बरोबर अकरा आठवड्यांनीं, ३० जुलै रोजीं, त्याच वेंब्लेच्या मैदानावर विल्सन जागतिक चषकाच्या अंतिम सामन्यास उभा राहिला. वय एकतीस, अकरा जणांत सर्वांत वडील तोच.

इंग्लंडचा मॅनेजर अल्फ रॅम्से हा स्वतः जुना फुलबॅक. इंग्लंडकडून ३२ सामने तो उजव्या बाजूस खेळला होता. बॅकची किंमत बॅकनेंच ओळखावी, हें योग्यच झालें. पहिल्या तीन सामन्यांत त्यानें एकेक विंगर खेळवून पाहिला. पुढील सामन्यांतून विंगर अजीबात वगळले. कडेनें चढाई करावयास आतां कोणी उरलें नाहीं, म्हणून तें काम दोघां फुलबॅकांवर येऊन पडलें. उजवीकडे फुलहॅम क्लबाचा जॉर्ज कोहेन, डावीकडे विल्सन. पुढें धांवत जावयाचें, चेंडू द्यावयाचा, आणि चेंडू गेला कीं तितक्याच वेगानें आपल्या जागीं परत यावयाचें. दम लागतो तो ह्या परतण्याला. अंतिम सामन्यापूर्वींच्या पांच सामन्यांत इंग्लंडवर एकच गोल झाला, आणि तोहि पोर्तुगालच्या युसेबियोनें पेनल्टीवर केलेला. चालू खेळांत ही फळी कोणालाच फोडतां आली नव्हती.

ती अंतिम सामन्याच्या बाराव्या मिनिटास फुटली, आणि फुटली ती विल्सनच्या हातून. पश्चिम जर्मनीच्या हेल्डनें डावीकडून चेंडू उंच टाकला. तो विल्सननें सहज परतवावा असाच होता. असे शेंकडों चेंडू त्यानें आजवर परतविले होते. त्यानें उडी घेतली, पण चेंडू डोक्यावर नीट बसला नाहीं. तो दुर्बळपणें खालीं आला, थेट हालरच्या पायांपाशीं. हालरनें तो गोलांत मारला. सुमारें लाखभर माणसें मैदानांत बसलेलीं, राणी बसलेली. आणि संबंध स्पर्धेंत चालू खेळांत झालेला इंग्लंडवरचा पहिला गोल आपल्या नांवावर!

आमच्या मतें विल्सनची खरी परीक्षा येथेंच होती. फॉरवर्ड चुकला तर त्याला गोल करून चूक भरून काढतां येते. बॅकला तशी सोय नाहीं. त्याला करतां येण्यासारखें एकच, पुन्हां तसें होऊं द्यावयाचें नाहीं. सहा मिनिटांनीं हर्स्टनें बरोबरी साधली. पीटर्सच्या गोलानें इंग्लंड पुढें गेलें. शेवटच्या मिनिटास जर्मनांनीं पुन्हां बरोबरी केली आणि अर्धा तास अधिक खेळावा लागला. ह्या साऱ्या अवधींत, म्हणजे त्या चुकीनंतर एकशें आठ मिनिटें, विल्सन आपल्या जागीं पूर्ववत् खेळत राहिला. पुन्हां चेंडूला डोकें लावण्यास तो कचरला नाहीं. हर्स्टचा एक गोल रेषेच्या आंत पडला कीं नाहीं हा वाद अद्याप मिटलेला नाहीं. इंग्लंड चारास दोन असें जिंकलें हें मात्र इतिहासांत नमूद झालें.

सामन्यानंतरचें एक छायाचित्र जगभर गेलें. कप्तान बॉबी मूर चषक उंचावून खांद्यांवर बसला आहे. ते खांदे हर्स्टचे व विल्सनचे. मूर हंसतो आहे. विल्सनचें तोंड मात्र ओझ्यानें वांकडें झालेलें दिसतें. पुढें २००३ सालीं ह्या दृश्याचा पुतळा पूर्व लंडनमध्यें, वेस्ट हॅम क्लबाच्या जुन्या मैदानाजवळ, उभारण्यांत आला. मूर, हर्स्ट व पीटर्स हे त्या क्लबाचे, म्हणून त्यांचा गौरव. चौथा विल्सन, त्याचा त्या क्लबाशीं कांहीं संबंध नाहीं. तो तेथें आहे तो कप्तानाचा एक पाय खांद्यावर घेतला म्हणून!

इंग्लंडकडून विल्सनचे एकंदर त्रेसष्ट सामने झाले, शेवटचा १९६८ च्या जूनमध्यें रोम येथें. त्याच उन्हाळ्यांत गुडघा दुखावला आणि वेग गेला. वेग गेलेला फुलबॅक म्हणजे आंस मोडलेली गाडी. १९६९ सालीं तो ओल्डहॅमला गेला, पुढल्या वर्षीं ब्रॅडफर्ड सिटीला. तेथें कांहीं आठवडे तात्पुरता मॅनेजरहि झाला, आणि १९७१ सालीं खेळ संपला. वय छत्तीस, पुढें सारें आयुष्य पडलेलें, गांठीस फारसें धन नाहीं.

त्यानें सासऱ्यांच्या धंद्यांत पाऊल टाकलें. हा धंदा अंत्यविधीचा. इंग्लंडांत मृत्यु झाला कीं नातलग ह्या व्यावसायिकास बोलावितात. प्रेत घरून अथवा इस्पितळांतून आणणें, त्याला स्नान घालून नीट कपडे करणें, पेटी तयार ठेवणें, चर्च किंवा दहनगृह ठरविणें, गाड्यांची व्यवस्था लावणें, आणि दुःखानें भांबावलेल्या माणसांशीं हळू आवाजांत बोलणें, हें त्याचें काम. हडर्सफील्डकडे विल्सननें हें काम पाव शतक, १९९७ पर्यंत केलें. जगज्जेत्यानें हें करावें ह्याचें वर्तमानपत्रकारांस मोठें कौतुक वाटे. त्याला स्वतःला त्यांत कमीपणा वाटल्याचें दिसत नाहीं.

येथें आम्हांस आपल्या समाजाची एक गोष्ट बोलल्यावांचून राहवत नाहीं. कोंकणांत और्ध्वदेहिक चालविणाऱ्या ब्राह्मणांस किरवंत म्हणून वेगळें काढण्याची चाल होती. बापाचें दहावें त्यांच्याकडून करवून घ्यावयाचें, आणि मंगलकार्याच्या पंगतीला त्यांनाच टाळावयाचें; त्यांच्या मुलींस स्थळें मिळणें कठीण करावयाचें. अंत्येष्टि हा सोळांतला एक संस्कार असें आम्ही मुलांकडून घोकून घेत होतों, आणि तो संस्कार करणाऱ्यास मात्र ओसरीवरूनच वाटेला लावीत होतों. विल्सनच्या चरित्रांतील हें उत्तरार्धाचें पान आमच्या वाचकांनीं म्हणूनच जरा सावकाश वाचावें.

सरकारी मानाचीहि कथा ऐकण्याजोगी आहे. रॅम्सेला १९६७ सालीं सर ही पदवी मिळाली. विल्सन, कोहेन, स्टाइल्स, बॉल व हंट ह्या पांच जणांची आठवण दरबारास २००० सालीं झाली. तेव्हां त्यांस एम्. बी. ई. हा किताब मिळाला. विजयाला चौतीस वर्षें लोटलीं होतीं. दोन वर्षांनीं विल्सनचें विजयपदक लिलावांत सुमारें ८० हजार पौंडांस विकलें गेलें.

२००४ सालीं विल्सनला अल्झायमर म्हणजे स्मृतिभ्रंशाची व्याधि जडल्याचें निदान झालें. एकट्या त्याच्या व्याधीचें कारण अमुकच, असें छातीठोकपणें सांगतां येत नाहीं. परंतु पुढील गोष्टी नजरेआड करण्याजोग्या नाहींत. १९६८ च्या एफ्. ए. कपाच्या अंतिम सामन्यांत विल्सनच्या एव्हर्टनविरुद्ध विजयी गोल मारणारा जेफ ॲस्टल २००२ सालीं अवघ्या एकोणसाठाव्या वर्षीं मेंदूच्या विकारानें वारला. चातड्याचा जड चेंडू वर्षानुवर्षें डोक्यानें मारल्याचा तो परिणाम, असा निर्णय चौकशींत झाला. २०१९ सालीं ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनीं सात हजारांहून अधिक जुन्या धंदेवाईक खेळाडूंची माहिती तपासून प्रसिद्ध केली. मेंदूच्या अशा क्षयकारी रोगांनीं मृत्यु येण्याचें प्रमाण सामान्य माणसांच्या साडेतीनपट आढळलें. दोन वर्षांनीं त्याच संशोधकांनीं जागेवार हिशेब मांडला, तेव्हां बचावाच्या खेळाडूंत ह्या रोगांचें प्रमाण जवळजवळ पांचपट निघालें. गोलकीपर, ज्याला हातांनीं चेंडू धरतां येतो, त्याच्यांत फारशी वाढ दिसली नाहीं. १९६६ च्या अकरा जणांतच पीटर्स, स्टाइल्स आणि चार्ल्टन बंधु ह्यांस स्मृतिभ्रंशानें गांठलें. २०२० सालापासून इंग्लंडांत प्राथमिक शाळेंतील मुलांस सरावांत चेंडू डोक्यानें मारूं देऊं नये अशी सूचना अमलांत आली आहे. आमच्याकडे ज्या घरांतील मुलें फुटबॉल खेळतात त्या घरांनीं ती माहीत करून घ्यावी.

विल्सन व्याधीनंतर चौदा वर्षें जगला. १५ मे २०१८ रोजीं, वयाच्या त्र्यायशीव्या वर्षीं, तो वारला. उजव्या बाजूचा कोहेन २०२२ च्या डिसेंबरांत गेला, आणि पुढल्या ऑक्टोबरांत बॉबी चार्ल्टन गेल्यावर त्या अकरांपैकीं एकटा हर्स्ट मागें राहिला.