आधी पकड, मग रंग

लाकूडकामाची पाच यंत्रं एकाच मोटरीवर चालवता येतात, हे हान्स गोल्डश्मिट यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत दाखवून दिलं. जर्मनी सोडून कॅलिफोर्नियात आलेल्या गोल्डश्मिट यांचं ‘शॉपस्मिथ’ १९४७ साली बाजारात आलं आणि माँटगोमेरी वॉर्ड या बड्या दुकानदार कंपनीनं ते गावोगावी पोचवलं. युद्धावरून परतलेले तरुण तेव्हा शहराबाहेर नवी घरं घेत होते. घराला गॅरेज होतं, हातांना कामाची हौस होती. पाच वेगवेगळी यंत्रं मांडायला मात्र ना जागा होती ना पैसा. शॉपस्मिथनं ही अडचण सोडवली. १९५०च्या दशकात त्याची ‘मार्क फाइव्ह’ ही सुधारलेली आवृत्ती आली. मधे काही वर्षं उत्पादन थांबलं होतं. १९७२ साली जॉन फोकर्थ यांनी ते ओहायोतल्या डेटन परिसरात पुन्हा सुरू केलं.

असंच एक जुनं मार्क फाइव्ह ओहायोतल्याच माझ्या गॅरेजमध्ये उभं आहे. शेजारच्या घराच्या ओलसर तळघरात ते कित्येक वर्षं पडून होतं. घर विकायला निघालं, तेव्हा ते भंगारात जाण्याआधी मी मागून घेतलं. माझ्या वडिलांची कराडला लाकडाची वखार होती, त्यामुळे करवतीचा आवाज आणि सागवानाच्या भुशाचा वास मला लहानपणापासून ओळखीचा. पुढे नोकरी केली ती पिंपरी-चिंचवडला, सुट्या भागांची मापं तपासण्याच्या विभागात. या यंत्राला लाकडाची जाण लागते आणि मापाची शिस्तही. म्हणून गंजलेलं असूनही ते पाहताक्षणी मला आपलं वाटलं.

एकात पाच कसे?

यंत्राचा सांगाडा समजायला सोपा आहे. पायांवर आडव्या, एकमेकींना समांतर अशा दोन पोलादी नळ्या. त्यांच्यावर एका बाजूला ‘हेडस्टॉक’, म्हणजे मोटर आणि फिरता दांडा पोटात घेतलेली ओतीव पेटी. शेजारी टेबल धरणारी चौकट. दोन्ही गोष्टी नळ्यांवरून सरकतात आणि हव्या त्या जागी आवळून बसवता येतात.

दांड्यावर करवतीचं गोल पातं चढवलं की झाली टेबल-करवत. पातं काढून काचकागद चिकटवलेली चकती लावली की लाकूड घासायचं यंत्र. लाकडाचा ठोकळा दोन टोकांना धरून फिरवला की लेथ. सावंतवाडीची लाकडी फळं-भाज्या ज्या तत्त्वावर कातली जातात, तेच इथंही. दांड्यावर चक, म्हणजे आवळता येणारा जबडा, बसवून त्यात ड्रिलचं पातं धरलं की आडवं भोक पाडता येतं. आणि नळ्यांचं एक टोक मोकळं करून सगळा सांगाडा हेडस्टॉकसकट उभा केला, की तेच यंत्र उभं ड्रिल होतं.

प्रत्येक कामाला वेग वेगळा लागतो. ओबडधोबड ठोकळा कातायला सुरुवात करताना दांडा हळू फिरायला हवा, बारीक कामाला जोरात. मार्क फाइव्हमध्ये मिनिटाला सुमारे ७०० ते ५२०० फेऱ्यांपर्यंत वेग बदलता येतो, तोही गिअर न बदलता. आतल्या पुलीचे दोन भाग असतात, पाठीला पाठ लावलेल्या दोन बशांसारखे. बशा जवळ आल्या की पट्टा कडेकडे चढतो, दूर गेल्या की मध्याकडे उतरतो, आणि तेवढ्यानं वेग कमी-जास्त होतो. यामुळेच एक नियम कायम पाळायचा असतो: वेगाची चकती यंत्र चालू असतानाच फिरवायची. बंद यंत्रात पट्टा जागचा हलत नाही आणि जोर लावला तर आतले भाग तुटतात.

सगळं काही पकडीवर

हे वाचून एक गोष्ट लक्षात आली असेल. या यंत्राचं सगळं कौशल्य दोन क्रियांत आहे: भाग सहज सरकले पाहिजेत आणि सरकून झाल्यावर जागचे हलता कामा नयेत. ज्या यंत्राचं एकच काम असतं, त्याचे भाग कारखान्यातच कायमचे जखडलेले असतात. बहुउद्देशीय यंत्रात ते जखडायचं काम रोज, प्रत्येक बदलाच्या वेळी, चालवणाऱ्याच्या हातून होतं. म्हणून असं यंत्र दुरुस्त करायचं म्हणजे आधी त्याची पकड दुरुस्त करायची, असं मी ठामपणे म्हणते.

पकड सुटली तर काय होतं, हे याच यंत्राच्या इतिहासात नोंदलेलं आहे. विल्यम ग्रीनमन नावाच्या गृहस्थांना १९५५च्या नाताळात पत्नीनं शॉपस्मिथ भेट दिलं. १९५७ मध्ये त्यांनी लेथसाठी लागणारे जोडभाग घेतले आणि लाकडाचा एक चषक कातायला घेतला. काही वेळा काम नीट झालं. मग एकदा तो ठोकळा यंत्रातून उसळून थेट त्यांच्या कपाळावर आदळला. भाग धरून ठेवणारे स्क्रू अपुरे होते, त्यामुळे नेहमीच्या थरथरीनंही लाकडाला आधार देणारं टोक मागे सरकत होतं, अशी साक्ष न्यायालयात झाली. ज्युरींनी उत्पादक कंपनीविरुद्ध ६५,००० डॉलरची भरपाई ठरवली. १९६३ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती रॉजर ट्रेनर यांनी हा निकाल कायम केला. सदोष वस्तू बाजारात आणली आणि तिच्यामुळे इजा झाली, तर हमीपत्रात काहीही लिहिलेलं असो, उत्पादक जबाबदार आहे, हे तत्त्व त्यांनी मांडलं. अमेरिकेतल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा खटला आजही शिकवतात. भारतात ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये उत्पादकाच्या अशा जबाबदारीवर स्वतंत्र प्रकरण आलं.

मी या खटल्याकडे कारागिराच्या नजरेनं पाहते. जुन्या यंत्राची पकड तपासायला आपल्यामागे कोणताही कारखाना नसतो. ती जबाबदारी पूर्णपणे आपली.

वीज पहिली

जुनं यंत्र घरी आलं की प्लग लावून पाहायचा मोह होतो. तो आवरायचा. माझ्या यंत्राच्या वायरीवरचं रबर कडक होऊन जागोजागी तडकलं होतं आणि प्लगला दोनच पिना होत्या, म्हणजे अर्थिंग नाही. धातूच्या पेटीला आतून उघडी वायर टेकली तर पेटीला हात लावणाऱ्याला झटका बसणार. मी पूर्ण वायर बदलली, तीन पिनांचा प्लग बसवला आणि अर्थिंगची तार पेटीच्या स्वच्छ खरवडलेल्या धातूला जोडली. रंगावर जोडलेली तार काही उपयोगाची नाही.

मग मोटर. ती नुसती गुणगुणत होती, फिरत नव्हती. अशा मोटरीत बहुतेक वेळा दोनच गोष्टी बिघडलेल्या असतात: सुरुवातीचा धक्का देणारा कपॅसिटर, नाहीतर मोटरीनं वेग घेतल्यावर तो कपॅसिटर बाजूला करणारा आतला स्विच. इथं स्विचच्या टोकांवर भुसा बसून दगडासारखा झाला होता. तो खरवडून टोकं बारीक कानशीनं साफ केल्यावर मोटर पहिल्याच क्षणी सुरू झाली. कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, म्हणून त्याला हात लावण्याआधी ती उतरवून घ्यावीच लागते. ज्यांना याचा सराव नाही, त्यांनी मोटर सरळ वायंडिंगवाल्याकडे न्यावी. त्यात कमीपणा नाही.

गंज, बेअरिंग आणि पाचरी

नळ्यांवरचा गंज मी रॉकेल आणि बारीक स्टीलवूलनं काढला. घासायचं ते नळीच्या लांबीच्या दिशेनं, जोर न देता. खोलवर ओरखडे पडले तर हेडस्टॉक पुढं अडखळतो. स्वच्छ नळ्यांना तेल लावायचं नाही. तेलाला भुसा चिकटतो, त्याची चिकट पुटं होतात आणि वरून लाकडाला डाग पडतात. तिथं मेण लावायचं, फडक्यानं चोळून चकचकीत करायचं.

बारक्या पोलादी भागांसाठी एक स्वस्त उपाय आहे. प्लास्टिकच्या बादलीत पाणी घ्यायचं, धुण्याचा सोडा विरघळवायचा, गंजका भाग बॅटरी-चार्जरच्या ऋण टोकाला आणि जुन्या लोखंडाचा तुकडा धन टोकाला जोडून दोन्ही न टेकू देता पाण्यात सोडायचे. गंज सुटून येतो, चांगला धातू शाबूत राहतो. यात हायड्रोजन वायू निघतो, म्हणून हे काम उघड्यावर, ठिणगीपासून दूर करायचं. धन टोकाला स्टेनलेस स्टील लावायचं नाही, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. आणि ॲल्युमिनियमचा भाग यात कधीच घालायचा नाही, सोड्याच्या पाण्यात तो खाल्ला जातो. मार्क फाइव्हचं टेबल ॲल्युमिनियमचं आहे. ते मी नुसतं साबणाच्या पाण्यानं धुऊन मेण लावलं.

बेअरिंग हातात घेऊन बोटानं फिरवली की कळतात. चांगली बेअरिंग एकसारखी, गुपचूप फिरते, गेलेली खरखरते. बेअरिंगच्या कडेला नंबर कोरलेला असतो आणि तो साऱ्या जगात एकच असतो. ६२०३ म्हटलं की भोक १७ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ४०, जाडी १२, मग ती डेटनला घ्या नाहीतर पुण्याच्या भवानी पेठेत. जुन्या यंत्रांना जीवदान मिळतं ते अशा ठरलेल्या मापांमुळे.

मी सर्वांत जास्त वेळ दिला तो पाचरींना. हेडस्टॉकच्या तळाशी, नळ्यांना खेटून, तिरप्या तोंडाच्या दोन पाचरी असतात. बाहेरचा पकडीचा दांडा आवळला की त्या एकमेकींकडे ओढल्या जातात आणि नळ्यांवर दाबून बसतात. माझ्या यंत्रात त्यांच्यावर जुन्या तेलाचा आणि भुशाचा काळा थर होता. दांडा घट्ट वाटायचा, पण तो घट्टपणा त्या थराचाच होता. पाचरी काढल्या, रॉकेलमध्ये भिजवल्या, पितळी ब्रशनं आटे साफ केले आणि कोरड्या करून परत बसवल्या. मग परीक्षा घेतली. हेडस्टॉकच्या कडेला नळीवर पेन्सिलीची रेघ मारली, दांडा आवळला, खांदा लावून पेटी ढकलली आणि रेघ पाहिली. रेघ आणि कडा यांत केसाएवढी फट दिसली तरी पकड नापास. टेबलाची चौकट आणि लेथच्या आधाराचं टोक यांचीही हीच परीक्षा घेतली. आजही लेथवर मोठा ठोकळा चढवण्याआधी मी ती घेते.

रेषेत आणणं

पकड बसली की रेषा. करवतीचं पातं टेबलाच्या खाचेला समांतर असलं पाहिजे. ते तपासायला पात्याचा एकच दात खुणेनं पक्का करायचा. तो पुढच्या बाजूला आणून खाचेपासूनचं अंतर डायल गेजनं मोजायचं, मग तोच दात मागे फिरवून पुन्हा मोजायचं. तोच दात का, तर पातं किंचित वाकडं असलं तरी माप फसत नाही. दोन मापांतला फरक ०.१ मिलिमीटरच्या आत आणायचा. मागची बाजू अरुंद राहिली तर लाकूड पात्याला चिमटतं आणि कापणाऱ्याच्या अंगावर उसळतं. करवतीवरचे अनेक गंभीर अपघात असेच होतात. म्हणून ही मोजणी हौसेचा भाग समजू नये. पात्यावरचं संरक्षक आवरण जुन्या यंत्राबरोबर बहुधा येत नाही. ते मिळवल्याखेरीज करवत चालवू नये.

रंग सगळ्यांत शेवटी. जुन्या रंगात शिसं असण्याची दाट शक्यता असते. अमेरिकेत घरगुती रंगांतल्या शिशावर बंदी आली ती १९७८ साली. त्यामुळे कोरडा रंग घासून त्याची धूळ उडवायची नाही. मी पोपडे ओले करून काढले, तोंडाला चांगला मास्क लावून. मूळ रंग जिथं धरून होता तिथं तसाच राहू दिला.

चालवताना माझे नियम साधे आहेत. बांगड्या, मंगळसूत्र, घड्याळ आधी काढून ठेवायचं. ओढणी, सैल बाह्या नकोत, केस बांधलेले हवेत. फिरत्या दांड्याजवळ हातमोजे घालायचे नाहीत. ते हाताला वाचवत नाहीत, ओढून नेतात. डोळ्यांवर चष्मा, आणि पातं बदलताना प्लग काढलेला.

इथून पुण्या-मुंबईला जाणारे काहीजण असं यंत्र सोबत न्यायचं का, असं विचारतात. इथली मोटर १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची. भारतात २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही. मोटर सहाऐवजी पाच फेऱ्यांच्या हिशेबानं हळू चालते आणि जास्त तापते. यंत्र न्यायचंच असेल तर तिकडच्या मोटरीचा विचार आधी करावा.

तुमच्याकडे आजोबांचा लेथ असेल, वडिलांची रंधा-करवत असेल, नाहीतर बंद पडलेल्या कारखान्यातलं एखादं यंत्र असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी तीन गोष्टी पाहा. ओतीव सांगाड्याला तडा आहे का? मुख्य दांडा वाकला आहे का? सरकणारे भाग आवळल्यावर जागचे हलतात का? पहिल्या दोन प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर ‘होय’ असेल तर यंत्राचा नाद सोडा. फक्त तिसऱ्याचं ‘होय’ असेल तर ते दुरुस्त होतं. पान्हा, रॉकेल आणि सवड एवढं पुरतं.