दूध पिताना बाळ दमतं?

अंगणवाडीत वजनं घेताना एखादी आई हळूच सांगते, ‘दोन घोट घेतले की सोडून देतंय, कपाळाला घाम येतो.’ सासूबाईंचा निकाल तयारच असतो : हिनं ग्रहण पाळलं नसेल! मैत्रिणींनो, ग्रहणाचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. हजारांतल्या आठ-नऊ बाळांच्या हृदयात जन्मतःच दोष असतो. गरोदरपणी झालेला रुबेला, आटोक्यात नसलेला मधुमेह ही काही कारणं. पुष्कळदा कारण सापडतच नाही. मग आईला बोल कशाला?

तपासणी आता किती सोपी झालीये बघा. कोरोनात घरोघरी पोचलेलं बोटाचं ऑक्सिमीटर आठवतं? तसलंच छोटं यंत्र जन्मानंतर चोवीस तासांनी बाळाच्या उजव्या हाताला आणि पायाला लावतात. ऑक्सिजन पुन्हा पुन्हा ९५ टक्क्यांखाली आला, किंवा हातापायात तीनपेक्षा जास्त फरक राहिला, की इको करायचा. अमेरिकेत २०११ मध्ये ही तपासणी प्रत्येक नवजात बाळासाठी सुचवली गेली. अर्थात हृदयातलं साधं भोक यातून बऱ्याचदा निसटतं. म्हणून दूध पिताना दमणं, वजन न वाढणं, रडताना ओठ निळे पडणं, याकडे आपलं लक्ष हवंच.

लहान भोकं कित्येकदा आपोआप बुजतात. काही भोकांना मांडीच्या शिरेतून नळी नेऊन छत्रीसारखं झाकण बसवतात, छाती उघडावी लागत नाही! २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत, शाळेत येऊन मुलं तपासतं, पुढचे उपचार मोफत होतात. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका.